नुसती खाजच ना!

"नुसती खाजच ना! त्यात काय एवढं?"

हे वाक्य आपल्या घरांत ज्या सहजपणे बोललं जातं, त्या सहजपणाशी माझं भांडण आहे. मधुमेह झालेल्या माणसाला कोणी 'नुसती साखरच ना' म्हणत नाही. दमा झालेल्याला 'नुसती धापच ना' म्हणत नाही. त्यांच्यासाठी वेगळी भाजी शिजते, वाऱ्याची जागा मिळते, गोळ्यांची आठवण करून दिली जाते. इसब झालेल्या बाईच्या वाट्याला दोन वाक्यं येतात. एक हे तोंडावरचं. आणि दुसरं, ती पाठ वळवून गेल्यावरचं : "तिच्या हातावर काय आलंय बघितलं का? जरा लांबच राहा बाई."

गंमत बघा. तिच्यासमोर आजार एवढासा असतो आणि तिच्या पाठीमागे डोंगराएवढा होतो. मलमाला पैसे मागितले की ती नुसती खाज. मुलीचं लग्न ठरायला आलं की तीच घराण्याला लागलेली खोड. एकाच आजाराला अशी दोन मापं लावणारा समाज त्या आजाराबद्दल अडाणी आहे असं म्हणून सोडून देता येत नाही. त्याला दोन्ही मापं सोयीची पडतात, म्हणून तो ती ठेवतो.

माझ्या हातांना अठरा वर्षं इसब आहे. पण मी फक्त माझ्या हातांची वकिली करायला बसलेली नाही. निपाणी, चिक्कोडी, सदलगा, शेडबाळ, बेळगाव, जिथं म्हणून चार बायकांत बसते तिथं कोणीतरी पदर मनगटापर्यंत ओढून घेतलेला दिसतो. उन्हाळ्यातही. त्या पदराखाली काय आहे ते मला न सांगता कळतं.

आधी नावांचा घोळ मिटवू या. आपल्याकडे कातडीला काहीही झालं की एकाच पोत्यात भरतात. इसब, नायटा, गजकर्ण, खरूज, कोड, कुष्ठ, सगळं 'कातडीचं काहीतरी'. नायटा किंवा गजकर्ण बुरशीमुळे होतं आणि ते पसरतं. खरूज एका बारीक किड्यामुळे होते, तीही एकाची दुसऱ्याला लागते. कोडात कातडीचा रंग जातो, त्याचा कुणाला संसर्ग होत नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो आणि औषधांनी पूर्ण बरा होतो. इसब म्हणजे एक्झिमा (आपल्या कानडी शेजारणीही त्याला इसबुच म्हणतात) हा यांतला कुठलाच नव्हे. तो शिवून लागत नाही, एका ताटात जेवून लागत नाही, एका अंथरुणात झोपून लागत नाही. हे एवढं एक वाक्य जरी गावोगावच्या बायकांना पाठ झालं तरी अर्धं दुःख कमी होईल. खाजेचं नव्हे, माणसांचं.

कातडी ही विटांच्या भिंतीसारखी असते. विटा म्हणजे पेशी आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे स्निग्ध द्रव्यं. काहींची ही भिंत जन्मतःच कच्ची असते. कातडी घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन असतं, त्याच्या जनुकात बिघाड असला तर इसबाचा संभव वाढतो, हे 2006 मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. भिंत कच्ची असली की आतला ओलावा उडून जातो, बाहेरचा साबण, धूळ, परागकण आत शिरतात, शरीर त्यांच्याशी लढायला उठतं, कातडी लाल होते, खाजते. खाजवलं की भिंत आणखी पडते. ती पडली की आणखी खाज. या रहाटगाडग्यातून माणूस आपल्या इच्छाशक्तीनं बाहेर पडू शकत नाही. म्हणून 'खाजवू नको' हा सल्ला देणाऱ्यांना हात जोडून विनंती, एकदा शिंक आलेल्या माणसाला 'शिंकू नको' म्हणून बघा.

हा लहान मुलांचा आजार, मोठेपणी जातो, असंही सांगतात. पुष्कळ मुलांचा जातो, खरं आहे. काहींचा जात नाही, काहींचा जाऊन परत येतो, आणि कितीतरी जणांना तो पहिल्यांदा होतोच मुळी तिशी-चाळिशीत. शेतावर काम करणाऱ्या आपल्या भावांना, दिरांना बघा. मान, चेहरा, कोपराच्या खोबणी काळ्या पडून जाड झालेल्या असतात. ते बहुतेक वेळा काँग्रेस गवताचं काम असतं. 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात हे गवत पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि बांधाबांधावर पसरलं. त्याचे कण वाऱ्यानं अंगावर बसतात. गवंड्याच्या हातांना सिमेंटनं होतं. नकली दागिन्यातल्या निकेलनं कानाच्या पाळीला आणि गळ्याला होतं, टिकलीच्या डिंकानं कपाळाला होतं, केसाला लावायच्या काळ्या रंगानं कपाळाच्या कडेला आणि मानेला होतं.

आणि बायकांच्या हातांना पाण्यानं होतं. इथं जरा थांबू या, कारण आपलं खरं दुखणं इथं आहे.

आपल्या घरात बाईचा हात दिवसातून किती वेळा ओला होतो ते कधी मोजलंय? पाणी गाळायचं, भाज्या निवडून धुवायच्या, सूर्यास्ताच्या आत दोन्ही वेळचं आटपायचं म्हणून भांड्यांचा ढीग एकावर एक पडतो तो घासायचा, देवदर्शनाआधी हात धुवायचे, स्वयंपाकाआधी धुवायचे, बाहेरून आलं की धुवायचे. शुद्धतेचा जितका आग्रह तितका हात पाण्यात. मी शुद्धतेच्या विरुद्ध बोलत नाही. मी एवढंच विचारते, की घराची शुद्धता जर चार जणांसाठी असते तर तिचं पाणी आणि साबण एकटीच्या हातावर का? डॉक्टर सांगतात, हात कोरडे ठेवा. घरात येऊन ही चिठ्ठी कुणाला दाखवायची? "डॉक्टरांना काय जातंय सांगायला" हे उत्तर तयार असतं. पुरुषाला डॉक्टरांनी 'जड उचलू नका' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी घरातली पोती दुसरं कुणीतरी उचलतं. बाईला 'पाण्यात हात घालू नका' म्हटलं तर सगळे हसतात.

आता 'नुसती खाज' म्हणजे किती, याचं मापही आहे बरं का. 1994 मध्ये ब्रिटनमधल्या कार्डिफ इथं फिनले आणि खान या दोघांनी कातडीच्या आजारानं जगण्यावर काय परिणाम होतो हे मोजायला दहा प्रश्नांची एक छोटी यादी केली. आज जगभर चर्मरोगाचे डॉक्टर ती वापरतात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. गेल्या आठवड्यात काय झालं एवढंच विचारायचं. दहाच्या वर गुण गेले तर आजाराचा जगण्यावर फार मोठा परिणाम आहे असं समजतात. ते प्रश्न मी आपल्या घरांतून फिरवून बघितले.

कातडी किती खाजली, किती दुखली, किती आग झाली? मिठाचं पाणी, लिंबू, मिरची यांत बोटाच्या भेगा घालून जिनं लोणचं कालवलंय तिला विचारा. कातडीमुळे किती संकोच वाटला? हळदीकुंकवाला हात पुढं करताना, दुकानात सुटे पैसे घेताना, बांगड्या भरणाऱ्या काकींच्या समोर बसताना. घरकामात, बाजारहाटात अडचण आली का? अडचण येते, पण काम थांबत नाही, आणि ते थांबत नाही म्हणूनच कुणाला दिसत नाही. कपडे निवडताना कातडीचा विचार करावा लागला का? लांब बाह्यांचे ब्लाउज, गडद रंगाच्या साड्या, म्हणजे खाजवल्यावर रक्ताचा डाग दिसू नये. लग्नकार्याला, फिरायला जाणं टाळलं का? खेळणं, व्यायाम यांत अडथळा आला का? हा प्रश्न आपल्या बायकांना विचारायचीच सोय नाही. काम, अभ्यास थांबला का? शाळेत शिकवणारी माझी एक मैत्रीण खडू हातात धरू शकत नव्हती. वर्षभर तिनं मुलांना फळ्यावर लिहायला लावलं आणि वरिष्ठांनी तिला आळशी ठरवलं.

पुढचे दोन प्रश्न आपल्याकडे कोणी मोठ्यानं वाचत नाही. नवरा, जवळचे नातेवाईक, मैत्रिणी यांच्याशी संबंधांत त्रास झाला का? आणि नवरा-बायकोच्या शरीरसंबंधात अडचण आली का? मैत्रिणींनो, आपण याबद्दल बोलत नाही म्हणून ते घडत नाही असं नाही. अंगाला हात लावून घ्यायला नको वाटणारी बाई आणि तिच्या अंगाला हात लावायला नको वाटणारा नवरा, हे एकाच पलंगावर वर्षानुवर्षं झोपतात आणि सकाळी उठून कोणी कुणाला काही बोलत नाही. दहावा प्रश्न उपचारांचा. मलमानं चादरी तेलकट होतात का, वेळ जातो का? जातो. आणि "सारखं काय चोपडत बसतेस" हेही ऐकावं लागतं.

या यादीत एक गोष्ट वेगळी विचारलेली नाही. झोप. पुढं 2004 मध्ये नॉटिंगहॅमच्या लोकांनी खास इसबासाठी केलेल्या यादीत मात्र सरळ विचारलं आहे, की गेल्या आठवड्यात किती रात्री झोपमोड झाली. मला विचाराल तर हाच पहिला प्रश्न. दिवसा कामाच्या नादात खाज विसरता येते. रात्री अंथरुणाची ऊब लागली की ती उठून बसते. दोन वाजता, तीन वाजता, झोपेतच नखं चालतात. सकाळी उशीवर रक्ताचे ठिपके आणि डोळ्यांत वाळू. असं एक रात्र होऊ द्या, दुसऱ्या दिवशी माणूस चिडचिडा होतो. वर्षभर होऊ द्या. मोठ्या वयात तीव्र इसब असणाऱ्यांत निराशा आणि चिंता यांचं प्रमाण जास्त आढळतं, हे वैद्यकशास्त्रात वारंवार दिसून आलेलं आहे. आपण मात्र उलटं सांगतो : "ती फार विचार करते, म्हणून तिला खाज सुटते." तिला झोपू द्या. मग ती किती विचार करते ते बघू.

आता येते त्या उत्तराकडे, जे मला सगळ्यात जास्त ऐकवलं गेलं. "कर्म आहे गं. असाता वेदनीयाचा उदय. भोगूनच संपवायचं."

हे सांगणाऱ्या बहुतेक जणी मनानं वाईट नसतात. स्वाध्याय करणाऱ्या, नेमधर्म पाळणाऱ्या असतात. म्हणून त्यांच्याशी मी धर्माच्याच भाषेत बोलते. मी कर्मसिद्धांत मानते. पण तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय नीट वाचा. असाता वेदनीयाचा आस्रव कशानं होतो? स्वतःला किंवा दुसऱ्याला दुःख देण्यानं, शोक, ताप करण्यानं, रडवण्यानं. म्हणजे हिचं कर्म हिच्या हातावर उदयाला आलं असेल, पण तिला 'भोग' म्हणून जी रडवते, तिचं कर्म आत्ता, या क्षणी बांधलं जातंय. दुसऱ्याच्या उदयाचा हिशोब करताना आपल्या बंधाची वही कोणी बघतच नाही.

दुसरं. रोग निमूटपणे सहन करणं हा बावीस परीषहांतला एक आहे, मान्य. पण परीषह कुणासाठी सांगितले? मुनींसाठी. घर सोडलेल्या, देहाची ममता सोडलेल्या साधूंसाठी. सहा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या गृहस्थ बाईला परीषहजय कोणत्या आचारात सांगितलाय? आणि तो फक्त तिलाच का? सासऱ्यांच्या गुडघ्याला रोग परीषह कोणी सांगत नाही. त्यांना मिरजेला नेऊन गुडघा बदलून आणतात.

तिसरं तर खुद्द मुनींचंच. समंतभद्रस्वामींची कथा आपल्याला माहीत आहे. त्यांना भस्मक रोग झाला, खाल्लेलं सगळं भस्म होऊ लागलं. त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची परवानगी मागितली. गुरूंनी काय सांगितलं? 'भोग, कर्म आहे' म्हणाले? नाही. गुरूंनी समाधिमरणाला नकार दिला आणि आधी रोग बरा कर, मग पुन्हा दीक्षा घे, असं सांगितलं. मुनिवेष बाजूला ठेवून रोग बरा करायला ज्या परंपरेत गुरू सांगतो, त्या परंपरेच्या लेकी-सुनांना आपण एका मलमाच्या ट्यूबसाठी कर्म शिकवतो!

आणि मैनासुंदरी. अष्टाह्निकेत सिद्धचक्र विधान झालं की ही कथा होतेच. सुखदुःख आपापल्या कर्मानं मिळतं, असं म्हणाली म्हणून बापानं रागानं कुष्ठी श्रीपाळाशी तिचं लग्न लावून दिलं. तिनं त्याची सेवा केली, मुनींना उपाय विचारला, सिद्धचक्राची आराधना केली, गंधोदकानं श्रीपाळ आणि त्याचे सातशे सोबती बरे झाले. कथा ऐकून बायका डोळे पुसतात. मीही पुसलेत. पण या कथेतून आपण काढतो काय? बायकोनं रोगी नवऱ्याची सेवा करावी. एवढंच? कर्मावर सगळ्यांत घट्ट विश्वास असलेली बाई कथेत कोण आहे? मैनासुंदरीच. आणि हात बांधून न बसता उपाय शोधायला निघालेली कोण? तीही मैनासुंदरीच. कर्म मानणं आणि उपचार करणं यांत तिला काही विरोध दिसला नाही, तो आपल्याला दिसतो. आणखी एक विचारते. कातडी बिघडलेल्या नवऱ्याची मैनासुंदरी आपल्या प्रत्येक सुनेनं व्हावं. कातडी बिघडलेल्या बायकोचा श्रीपाळ व्हायला कोणाला कधी सांगितलंय? एका तरी व्याख्यानात?

गंधोदकाबद्दल मी काही उणं बोलणार नाही. ते कपाळाला लावून माझ्याही दिवसाची सुरुवात होते. पण "गंधोदक लाव, औषध बंद कर" असं सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की श्रद्धा औषधाशी भांडत नाही. भांडण आपण लावतो.

सम्यग्दर्शनाचं तिसरं अंग म्हणजे निर्विचिकित्सा. किळस न करणं. त्याचं उदाहरण म्हणून उद्दायन राजाची कथा सांगतात. देव कुष्ठी मुनीचं रूप घेऊन आला, दुर्गंध येत होता, आहार घेऊन राजाच्या आणि प्रभावती राणीच्या अंगावर ओकला. राजाराणीनं नाक मुरडलं नाही. आपल्याच आहारात काही चुकलं असेल म्हणून राजा हळहळला आणि दोघांनी त्याचं अंग धुतलं. कोणी म्हणेल, ते मुनींच्या देहाबद्दल आहे. असेल. पण मुनींच्या ओकारीची किळस करायची नाही आणि घरच्या सुनेच्या भेगाळलेल्या हाताची करायची, असा अर्थ ज्यांना निघतो त्यांनी तो एकदा मोठ्यानं बोलून दाखवावा.

आता चौक्याचं बोलते. गावात संघ आला, चौके लागले, की इसबाची बाई आपोआप मागं सरते. कुणी स्पष्ट बोलत नाही. "तुम्ही बसा वहिनी, आम्ही बघतो" एवढंच. हातातून पाणी वाहत असेल, जखम उघडी असेल, तर आहाराला हात लावू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. अन्न आरोग्याला धरून असावं. पण जखम भरलेली आहे, कातडी नुसती कोरडी आणि काळसर आहे, तरीही तिनं दहा वर्षं आहारदान करायचं नाही? हे शुद्धतेचं कारण नाही, ही निव्वळ किळस आहे. आणि निर्विचिकित्सेवर व्याख्यान ऐकून आलेल्याच बायका ती करतात, याचं मला जास्त वाईट वाटतं. अशा बाईला पाणी तापवू दे, धान्य निवडू दे, पण नंतर तिला विचारा, हात बरा झाला का, ये पुढं. तेही कुणी विचारत नाही. एकदा मागं सरलेली बाई मागंच राहते.

लग्नाचं तर विचारूच नका. परिचयपत्रात उंची, गोत्र, पगार सगळं असतं. मुलीला लहानपणी इसब होता हे कळलं की स्थळ परत जातं. आनुवंशिक आहे म्हणे. हो, कल घराण्यात असू शकतो. मधुमेहाचा नसतो? रक्तदाबाचा नसतो? मुलाच्या बापाला आणि आजोबाला दोघांनाही साखर, ते कुठल्या परिचयपत्रात छापलंय? मग पोरी लपवतात. लपवून लग्न होतं, आणि पुढं आयुष्यभर मलम कपाटाच्या मागच्या कप्प्यात, चोरीच्या मालासारखं.

लपवण्याचा शेवट मेडिकलच्या काउंटरवर होतो. डॉक्टरकडे जायला पैसे नाहीत, वेळ नाही, सोबत नाही. मग "खाजेवर काहीतरी द्या" म्हणून मलम आणायचं. त्यात बहुधा तीव्र स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतुनाशक असं तिहेरी मिश्रण असतं. दोन दिवसांत आराम पडतो. मग तेच महिनोन् महिने, मांडीत, चेहऱ्यावर, कुठंही. कातडी पातळ होते, लाल पडते, नायटा असेल तर आतल्या आत पसरतो. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी मिळतात, आपण मागतो म्हणून.

याचीच दुसरी बाजू म्हणजे स्टेरॉइडचं नाव ऐकून पळणं. डॉक्टरांनी योग्य ताकदीचं, ठरावीक दिवस दिलेलं मलम हे विष नव्हे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम साधारण अर्धा ग्रॅम भरतं आणि दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. कुठं, किती, किती दिवस, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारायला लाजू नका. स्टेरॉइडशिवायची मलमं आहेत, प्रकाशकिरणांचे उपचार आहेत, फारच वाढलं तर गोळ्या-इंजेक्शनं आहेत. नवी औषधं महाग आहेत, हे खरं. पण रोजचा पाया स्वस्त आहे. अंघोळ कोमट पाण्यानं, थोडक्यात, आणि अंग टिपून ओलसर असतानाच साधं पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं क्रीम. खाजेवर कढत पाणी ओतलं की क्षणभर स्वर्ग वाटतो आणि तासाभरात दुप्पट खाज येते, ते बंद करा. भांड्यांना आतून सुती आणि वरून रबरी हातमोजे.

आपल्यातल्या काहींना आणखी एक शंका असते, औषधात प्राणिज काही असेल का? रास्त शंका आहे. काही क्रीममध्ये लोकरीपासून काढलेलं लॅनोलिन असतं, कॅप्सूलचं वेष्टण पुष्कळदा जिलेटिनचं असतं. मग डॉक्टरांना स्पष्ट सांगा, दुसरं लिहून द्या म्हणा. बहुतेक वेळा पर्याय असतो. शंका मनात ठेवून औषध गुपचूप कचऱ्यात टाकणं ही अहिंसा नव्हे. स्वतःचा देहही जीवाचंच घर आहे.

1899 मध्ये स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा निघाली, तेव्हापासून आपल्या भागात शिक्षणासाठी, वाईट रूढींच्या विरोधात बोलायची एक रीत आहे. त्या रीतीला धरूनच माझं मागणं आहे, आणि ते फार मोठं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात वर्षातून एकदा चर्मरोगाच्या डॉक्टर बाईंना बोलवा आणि बायकांना पुरुषांशिवाय प्रश्न विचारू द्या. परिचयपत्रावर ज्याला कातडी विचारायची आहे त्यानं आधी आपली साखर सांगावी. इसबाच्या बाईचं भांडं घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घासावं, नवऱ्यानं घासलं तरी भांडं विटाळत नाही. रात्री तिची झोप मोडली असेल तर सकाळचा चहा तिनंच करायला हवा असं कुठल्याही आगमात लिहिलेलं नाही. आणि चौक्यात मागं उभ्या असलेल्या बाईला कुणीतरी पुढं बोलवा.

वैयावृत्त्य हे अंतरंग तप आहे, उपवासापेक्षा अवघड. दहा दिवस उपवास करणाऱ्यांची आपण मिरवणूक काढतो, काढावीच. शेजारणीच्या भेगाळलेल्या हाताला मलम लावणारीची मिरवणूक निघणार नाही. पण निर्जरा कुणाची जास्त झाली, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं. आणि ते विचारून होईपर्यंत तरी "नुसती खाजच ना" हे तोंडातून काढू नये.